साठ कॅप्सूल, सात प्रश्न

आमच्या कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्वी तीनच विषय चालायचे: पोस्टिंग, प्रमोशन आणि पेग. गेल्या दोन-तीन वर्षांत चौथा ‘प’ आला आहे, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. रात्री अकराच्या सुमाराला कोणीतरी एखाद्या कॅप्सूलच्या डब्याची लिंक टाकतो आणि वर लिहितो, ‘एका मित्रासाठी विचारतोय, कोणी वापरलंय का?’ खाली दोन हसरे चेहरे येतात, एखादा ‘वय झालं राजे’ म्हणतो, आणि गाडी पुन्हा पे कमिशनवर येते. खडकवासल्याला तीन वर्षं एकाच बाथरूमसमोर रांगा लावलेली ही पोरं. एकमेकांच्या पायांचे फोड बघितलेली, एकमेकांच्या घरून आलेली पत्रं वाचलेली. आणि आज पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांना एकमेकांना एवढं विचारता येत नाही की, बाबा रे, रात्री लघवीला किती वेळा उठतोस?

मीही त्यातलाच, म्हणून आधी माझी कबुली. फील्डमध्ये माणूस दिवसभर पायांवर असतो, दिल्लीत खुर्चीवर. सकाळी बसलो की संध्याकाळी सातला उठायचं, मधे मीटिंगमागून मीटिंग, प्रत्येक मीटिंगला चहा, आणि मग धौला कुआँच्या गर्दीत पाऊण तास. या पोस्टिंगवर आल्यावर सहा महिन्यांत रात्री एकदा उठणं सुरू झालं, मग दोनदा. धार पूर्वीसारखी राहिली नाही हेही लक्षात आलं होतं, पण ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. एका रात्री मोबाइलवर शोधत बसलो आणि साठ कॅप्सूलचा एक डबा मागवला. घरी नको म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर. दाढीच्या सामानामागे ठेवला. अर्थात बायकोला तो चौथ्या दिवशी सापडला.

‘हे कोणी दिलं?’
‘कोणी नाही.’
‘म्हणजे डॉक्टरांनी नाही.’
‘नाही.’
‘मुलाला साधा ताप आला तर तीनदा फोन करतोस डॉक्टरांना,’ एवढंच म्हणून तिने डबा जागेवर ठेवून दिला. मला त्यावर उत्तर सुचलं नाही, आणि कॅप्सूल मी त्यानंतरही घेत राहिलो.

त्या घेणं थांबलं ते नोव्हेंबरमधल्या एका रात्री. दीड वाजता सुभेदार साहेबांच्या मुलाचा फोन आला. मी नवा लेफ्टनंट म्हणून मराठ्यांच्या पलटणीत गेलो तेव्हा साहेब माझ्या प्लाटूनमध्ये होते. मला नकाशापेक्षा जमीन वाचायला त्यांनीच शिकवलं. (बाहेरच्यांना गंमत वाटते, पण आमच्यात जेसीओ अधिकाऱ्याला साहेब म्हणतो आणि अधिकारीही जेसीओला साहेबच म्हणतो.) मूळ माण तालुक्यातले. निवृत्तीनंतर काही वर्षं गावी काढली, मग मुलगा नोएडात आयटीत लागला आणि त्याच्यामागून दोघं नवरा-बायको इकडे आले. मुलगा म्हणाला, ‘सर, बाबांना संध्याकाळपासून लघवी होत नाहीये. पोट फुगलंय, घाम सुटलाय. हॉस्पिटलला चला म्हटलं तर म्हणतात, आधी साहेबांना विचार.’

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, गाडी काढ, मी तिकडेच येतो. डीएनडीवरून जाताना पुढचं काही दिसत नव्हतं. दिल्लीचा तो महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना धुरकं म्हणजे काय हे सांगायला नको. मी पोचेपर्यंत इमर्जन्सीमध्ये त्यांना नळी घातली होती. पिशवीत लिटरभराच्या वर लघवी उतरली होती. साहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते. उरीच्या पोस्टवर कमरेएवढ्या बर्फात या माणसाला मी कधी कण्हताना ऐकलं नव्हतं.

त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत जे कळलं ते असं. साहेबांची धार दोन वर्षं बारीक होत चालली होती. सकाळच्या फिरण्याच्या टोळीत कोणीतरी त्यांना एक डबा सुचवला, ‘जडीबुटीचा आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणून. नऊ महिने ते तो घेत होते. महिन्याला साधारण दीड-दोन हजार रुपये, पेन्शनीतून. फरक पडतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. मूत्राशय मात्र कधीच पूर्ण रिकामं होत नव्हतं, आणि तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडापर्यंत पोचला होता; सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली दिसली, क्रिएटिनिन वाढलेलं होतं. त्यात त्या आठवड्यात धुरक्याने सर्दी झाली आणि औषधाच्या दुकानातून त्यांनी सर्दीची गोळी आणली. ती शेवटची काडी ठरली.

हे गोळीचं प्रकरण मला तोवर माहीत नव्हतं, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती कड्यासारखी बसलेली असते. वय वाढतं तशी ती बहुतेक पुरुषांमध्ये वाढते. साठीत निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ सापडते आणि ऐंशीनंतर बहुतेकांमध्ये. ती कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण आत नळी दबलेली असली की मूत्राशयाला जोर लावावा लागतो. सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायूही आवळतं, आणि सुस्ती आणणारं जे दुसरं असतं ते मूत्राशयाचा जोर कमी करतं. तरुणाला याचा पत्ताही लागत नाही. आधीच अडलेल्या म्हाताऱ्याची लघवी मात्र रातोरात बंद होऊ शकते. दिल्लीच्या हिवाळ्यात, जिथे निम्मं शहर नाक पुसत औषधाच्या दुकानात उभं असतं, तिथे हे प्रत्येक पेन्शनरला माहीत असायला हवं. थंडीने ही लक्षणं तशीही वाढतात.

तिसऱ्या दिवशी साहेब उठून बसले तेव्हा मी विचारलं, ‘साहेब, ईसीएचएसचं कार्ड आहे ना तुमच्याकडे?’

त्यांनी उशीखालचं पाकीट काढून दाखवलं. कार्ड होतं. २००३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली ही योजना, आपण आपला वाटा भरून सभासद झालेली, ज्यात तपासणी, गोळ्या, ऑपरेशन सगळं येतं.

‘मग गेला का नाहीत?’

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पॉलिक्लिनिकमध्ये काउंटरवर एक पोरगी बसते, साहेब. सुनेच्या वयाची. काय त्रास होतोय म्हणून विचारते, मागं लाइन उभी असते. तिला काय सांगू?’

त्या वाक्यानंतर मला डब्याचा अर्थ कळला. डबा औषध म्हणून विकला जात नाही. तो काहीच विचारत नाही, म्हणून विकला जातो. त्याच्यासमोर पँट सोडावी लागत नाही, त्याला धार कशी आहे ते सांगावं लागत नाही, काउंटरवरच्या पोरीशी बोलावं लागत नाही. दीड हजार रुपये आपण न बोलण्याचे देतो. मी माझा डबा ऑफिसच्या पत्त्यावर मागवला होता, तोही याचसाठी.

आता डब्यात काय असतं ते बघू. घरी येऊन मी माझ्या डब्यावरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. पहिलं नाव होतं सॉ पामेटो. ही अमेरिकेत फ्लोरिडाकडे वाढणारी खुजी, काटेरी देठांची ताडाच्या जातीची वनस्पती. तिच्या फळांचा अर्क प्रोस्टेटसाठी जगभर विकला जातो. त्याची तपासणी झालेली नाही असं नाही. चांगली झाली आहे. २००६ मध्ये अमेरिकेत २२५ पुरुषांना वर्षभर हा अर्क किंवा तसाच दिसणारा खोटा डोस दिला. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. लोक म्हणाले डोस कमी पडला असेल. मग २०११ मध्ये ३६९ पुरुषांवरचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात डोस टप्प्याटप्प्याने तिपटीपर्यंत, ३२० पासून ९६० मिलिग्रॅमपर्यंत, वाढवला होता. दीड वर्षानंतर निकाल तोच. त्यातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट अशी की दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं होतं. खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांनाही. सुभेदार साहेब ‘फरक आहे’ म्हणत होते तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. फरक वाटत होता; मूत्राशयाला मात्र तो कोणी कळवला नव्हता.

दुसरी नावं होती झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ई. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का हे बघायला २००१ पासून ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर एक प्रचंड चाचणी झाली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये पुढची आकडेवारी आली, त्यात नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. ‘फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही’ हे वाक्य फिरण्याच्या टोळीत रोज ऐकू येतं. त्याला माझं हे उत्तर.

आणि ‘जडीबुटीचं आहे’ यालाही एक उत्तर आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत आठ वनस्पतींचं मिश्रण म्हणून ‘पीसी-स्पेस’ नावाची कॅप्सूल प्रोस्टेटच्या रुग्णांमध्ये फार लोकप्रिय झाली. खरंच गुण यायचा. २००२ मध्ये ती बाजारातून काढून घ्यावी लागली, कारण तपासलेल्या मालात रक्त पातळ करणारं औषध आणि कृत्रिम स्त्री-संप्रेरक सापडलं. गुण कशाचा होता ते तेव्हा कळलं.

कोणी म्हणेल, साहेब आयुर्वेदाच्या विरोधात बोलतायत. तसं नाही. गोखरू, वायवर्णा, पुनर्नवा यांना आपल्याकडे लघवीच्या तक्रारींवर शेकडो वर्षं वापरलं गेलंय. (गोखरू म्हणजे आपले सराटे. अकादमीत रगडा खाताना याच काट्यांवर आम्ही मैदानभर कोलांट्या मारल्या. डब्यावर त्याचं देखणं चित्र बघून मला हसू आलं.) पण वैद्य नाडी धरतो, जीभ बघतो, झोप-शौच विचारतो आणि मग औषध देतो. डब्यात सराटे आहेत, वैद्य नाही. ज्याला आयुर्वेदाचं औषध घ्यायचं आहे त्याने पदवी असलेल्या वैद्याकडे जावं, सोनोग्राफी दाखवावी आणि चालू गोळ्या सांगाव्यात. तिथेही बोलावंच लागेल.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९५४ सालचा आपला ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा काही आजारांच्या इलाजाची जाहिरातच करायला मनाई करतो. त्या यादीत कॅन्सर आहे, मधुमेह आहे, अपस्मार आहे, आणि प्रोस्टेट ग्रंथीचे विकारही आहेत. सत्तर वर्षं आहेत. म्हणून हुशार डबा ‘बरं करतो’ म्हणत नाही, ‘साथ देतो’, ‘संतुलन राखतो’ म्हणतो. जो अन्न-पूरक म्हणून विकला जातो त्याच्यावर एफएसएसएआयच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापावंच लागतं. माझ्या डब्यावर ते होतं, मागच्या बाजूला, पिनकोडच्या अक्षरात. समोर मात्र पांढऱ्या कोटातला माणूस. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या औषधी जाहिरातींवरून एका मोठ्या कंपनीला चांगलंच फैलावर घेतलं, वर्तमानपत्रांत माफीनामे छापून आले. ते न्यायालय माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही. तरी माझ्या मोबाइलवर ‘पन्नाशीनंतरही जवान’ येतंच असतं. सुरुवात एकदा शोधण्याने होते. मग तो फोन तुम्हाला सोडत नाही.

न बोलण्याची ही खोड फक्त आपल्या शिपायांची नाही. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन हे चार ताऱ्यांचे निवृत्त जनरल. २०२३ च्या डिसेंबरात त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं कळलं, २२ डिसेंबरला ऑपरेशन झालं, १ जानेवारीला गुंतागुंत होऊन ते पुन्हा दाखल झाले, अतिदक्षता विभागात गेले. आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षांना ते हॉस्पिटलात आहेत हे ४ जानेवारीला कळलं! जगातल्या सगळ्यात बलाढ्य फौजेचा मंत्री तीन दिवस कुठे आहे हे वर माहीत नाही. फेब्रुवारीत त्यांनी पत्रकारांसमोर उभं राहून माफी मागितली. मला त्यांचा राग आला नाही. वेस्ट पॉइंटपासून चाळीस वर्षं ज्याला ‘आय ॲम फाइन, सर’ म्हणायला शिकवलं, तो माणूस आयत्या वेळी दुसरं काय म्हणणार? त्याच जानेवारीत पंचाहत्तर वर्षांच्या राजे चार्ल्सनी प्रोस्टेट वाढल्यामुळे उपचार घेत असल्याचं राजवाड्यातर्फे जाहीर केलं, आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर या विषयाच्या पानाला भेट देणाऱ्यांची रीघ लागली. एका माणसाने उच्चार केला म्हणून.

आपल्याकडे सेवेत असलेल्यांना लाजेपेक्षा मोठी भीती आहे ती कॅटेगरीची. ‘शेप वन’ ही आमची जात असते. मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी, या पाचांत एक आकडा वाढला की बोर्डासमोर, पोस्टिंगसमोर, कमांडसमोर प्रश्नचिन्ह. म्हणून वार्षिक तपासणीत डॉक्टरने ‘काही तक्रार?’ विचारलं की उत्तर आधीच तयार असतं. मीही ते वर्षानुवर्षं दिलं आहे. भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याची बोर्डाची फाइल टेबलावर आहे त्याला शौर्याचे धडे देणं सोपं असतं. पण हिशोब तरी नीट करावा. रात्री दोनदा उठणं सांगितल्याने माणूस लगेच खालच्या कॅटेगरीत जात नाही. नळी लावून इमर्जन्सीत पोचलेला, मूत्रपिंड बिघडलेला माणूस नक्की जातो. आणि आम्ही जे आता हुकूम देणाऱ्या खुर्च्यांवर आहोत, आमची जबाबदारी याहून मोठी आहे. ‘सिक रिपोर्ट’ करणाऱ्या जवानाकडे आम्ही कसं बघतो, यावर तो साठीत पॉलिक्लिनिकच्या काउंटरवर तोंड उघडेल की नाही हे ठरतं. सुभेदार साहेबांची ती खोड त्यांना पलटणीत लागली, आणि त्या पलटणीत मी त्यांचा प्लाटून कमांडर होतो. एमआय रूमला जाणाऱ्यांना ‘चुकार’ म्हणून हसलेलो मीच.

तर डिसेंबरात मी गेलो. सांगायला लाज वाटते, पण युरॉलॉजिस्टच्या दारासमोर बसून मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. आत एका कागदावर सात प्रश्न होते. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने १९९२ मध्ये तयार केलेले, आता जगभर वापरात असलेले. गेल्या महिन्याभरात: लघवी करूनही पूर्ण झाली नाही असं किती वेळा वाटलं? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं का? मधेच थांबून पुन्हा सुरू होते का? कळ आली की थांबवणं कठीण जातं का? धार बारीक आहे का? सुरू करायला जोर द्यावा लागतो का? आणि रात्री किती वेळा उठावं लागतं? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत बेरीज म्हणजे सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. आठवा एक प्रश्न गुणांच्या बाहेरचा आहे: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? या एका प्रश्नावर मी पेन खाली ठेवलं होतं.

माझी बेरीज अकरा आली. मग लघवी आणि साखरेची तपासणी, सोनोग्राफी, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते त्याचं माप. हातमोजा घातलेल्या बोटाची तपासणीही, जिला घाबरून निम्मे पुरुष वर्षानुवर्षं टाळाटाळ करतात. ती माझ्या बुटाच्या लेस बांधायला लागतो त्याहून कमी वेळात संपली. पीएसएची रक्तचाचणी डॉक्टरांनी समजावून सांगून केली. पीएसए नुसत्या वाढीने, संसर्गाने, नळी घातल्यानेही चढतो, म्हणून आकडा एकट्याने बघायचा नसतो. उलट फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल तर तो जवळजवळ निम्मा दिसतो. हे फिनास्टेराइड केस गळू नयेत म्हणूनही दिलं जातं, आणि आमच्या कोर्समध्ये ते कोणकोण घेतं हे टोप्या काढल्यावर कळतं. त्यांनी डॉक्टरला जरूर सांगावं. प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही, तेव्हा पन्नाशीत, आणि वडील किंवा भावाला झाला असेल तर त्याआधीच, ही चाचणी करायची का हे डॉक्टरशी बोलून ठरवावं.

निकाल ऐकून मात्र मला हसावं की रडावं कळेना. माझी ग्रंथी थोडीच वाढली होती. आत लघवी उरत नव्हती. डॉक्टरांनी मला तीन दिवस वही लिहायला लावली, किती वाजता काय प्यायलो, किती वाजता किती मिलिलिटर झाली. स्वयंपाकघरातला मापाचा मग घेऊन मी बाथरूममध्ये उभा, आणि बाहेर बायको हसतेय. त्या वहीने सांगितलं की संध्याकाळी पाच ते आठ मी तीन चहा पितो आणि ‘दिवसभर पाणी कमी झालं’ म्हणून रात्री दहाला अख्खी बाटली रिचवतो. बायकोने माझ्या घोरण्याचं वर्णन केलं, त्यावर डॉक्टर म्हणाले झोपेत श्वास अडत असेल तरी रात्री लघवी जास्त तयार होते, तेही तपासू. म्हणजे माझं अर्धं दुखणं प्रोस्टेटचं नव्हतंच. रात्री उठायला लावणारा मधुमेह असू शकतो, पायावरची सूज असू शकते, हृदय असू शकतं. त्या साठ कॅप्सूलना यातलं काय ठाऊक?

आता मी काय करतो ते सांगतो, फुकटात. दिवसा पाणी भरपूर, पण झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत घोटभरच. चार वाजल्यानंतर चहा बंद. मेसमध्ये पेग एकच आणि तोही लवकर. दारूने लघवी वाढते आणि कळही वाढते. मीटिंगमधून उठतो, सरळ सांगून उठतो. तुंबवून धरणं ही शौर्याची गोष्ट नाही. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा, आणि शेवटी ठिबकत असेल तर अंडकोषामागून पुढे बोटांनी हलका दाब देत आणायचा, पँटवर डाग पडत नाही. पोट साफ ठेवणं, कारण बद्धकोष्ठाने मूत्राशयावर दाब येतो. रोज तासभर चालणं. भोपळ्याच्या बिया खातो, चविष्ट लागतात म्हणून. आणि सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही. याउपर ज्यांना डॉक्टर गोळी देतील त्यांनी ती घ्यावी. नेहमीची जी स्नायू सैल करणारी गोळी आहे ती काही दिवसांत काम करते, मात्र पहाटे झटक्याने उठू नये, चक्कर येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी घेतो किंवा पूर्वी घेत होतो हे डोळ्यांच्या डॉक्टरला आधी सांगा, कारण तिच्यामुळे बुबुळ ऑपरेशनमध्ये ढिलं पडू शकतं. आणि लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंदच झाली, तर साहेबांना विचारत बसू नका. त्याच रात्री जा.

सुभेदार साहेबांचं जानेवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. क्रिएटिनिन बरंच उतरलंय, पूर्ण नाही. दर तीन महिन्यांनी तपासावं लागतं. त्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दीड वर्ष आधी आले असते तर बहुधा एका गोळीवर भागलं असतं. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. त्यांनी मात्र फिरण्याच्या टोळीतल्या दोघांना स्वतः पॉलिक्लिनिकला नेलं. काउंटरवर काय सांगितलंत, असं मी विचारलं. म्हणाले, ‘चिठ्ठीवर लिहून नेलं, साहेब. पोरगी वाचून नुसती म्हणाली, तीन नंबरच्या खोलीत जा, बाबा.’

गेल्या आठवड्यात ग्रुपवर पुन्हा एका डब्याची लिंक आली, पुन्हा ‘एका मित्रासाठी’. मी खाली ते सात प्रश्न मराठीत आणि हिंदीत टाइप करून टाकले आणि लिहिलं, ‘माझी बेरीज अकरा.’ त्यावर कोणी काही बोललं नाही. हसरा चेहराही आला नाही. पण रात्री बारापर्यंत मला खासगीत नऊ मेसेज आले. त्यातल्या सात जणांनी फक्त एक आकडा पाठवला होता. एकाने, जो अकादमीत आमच्या स्क्वाड्रनचा सगळ्यात दणकट बॉक्सर होता, लिहिलं होतं, ‘बावीस. डॉक्टरचा नंबर पाठव.’